पाचशे सत्त्याहत्तर

नगर स्टेशनात मनमाडकडे जाणारी गाडी शिरते तेव्हा १९४७ चा मार्च आहे आणि फलाटावर एकच विषय आहे: इंग्रज खरंच जाणार का? गेल्याच महिन्यात, २० फेब्रुवारीला, पंतप्रधान ॲटलींनी विलायतेच्या संसदेत जाहीर केलंय की जून १९४८ पर्यंत आम्ही हिंदुस्थानातली सत्ता सोडू. तांग्यातून येताना तुम्ही भुईकोट किल्ल्यावरून आलात. नेहरू, पटेल, आझाद दोन वर्षांपूर्वीपर्यंत याच भिंतींआड होते. तांगेवाल्याने चाबकानेच किल्ला दाखवला आणि म्हणाला, "आता यात कुणाला ठेवतील?"

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीशी जागा मिळते. फडक्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि मांडीवर कालचा पेपर. पेपरात लाहोर आहे. पंजाबात खिजर हयात तिवानांचं मंत्रिमंडळ गडगडलंय, लाहोर आणि अमृतसरमध्ये दंगली पेटल्यात. समोरचे गृहस्थ तुम्हाला बातमी मोठ्याने वाचायला लावतात, ऐकतात, आणि एवढंच विचारतात, "लाहोर म्हणजे लई लांब असंल ना?" तुम्ही हो म्हणता. लांबच आहे. पण तुम्ही ज्या गावाला निघालात तिथे लाहोरचे दोघे पांढरे कपडे घालून मैदानात उतरणार आहेत, आणि हे त्या गृहस्थांना कसं सांगावं ते तुम्हाला कळत नाही.

तुम्ही जामखेडकडचे. चौंडी तुमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. १७२५ साली अहिल्यादेवी जिथे जन्मल्या ते चौंडी. त्यामुळे होळकर हे नाव तुमच्याकडे घरातलं. इंदूरच्या होळकर संस्थानाचा क्रिकेट संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात आहे, मागच्या हंगामाचा विजेता आहे, आणि सामना बडोद्याला, गायकवाडांच्या संघाशी. दोन्ही घराणी मराठी, दोन्ही संघांत मराठी पोरं. सामन्यात काय होणार हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही पुढच्या शतकातून आला आहात. तरी नगरच्या माणसाने होळकरांच्या बाजूने बसायचं हे ठरलेलं.

मनमाडला गाडी बदलता, जळगावला पुन्हा बदलता. तिथून तापीच्या खोऱ्यातून अमळनेर, नंदुरबार करत सुरत, आणि सुरतेहून बी. बी. सी. आय. रेल्वेने बडोदे. अंगावर कोळशाची राख, डोळे लाल. बाहेर पडताच दोन भाषा एकदम कानावर येतात. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात मराठी अशी बोलली जाते की आपण सदाशिव पेठेत आहोत की काय असं वाटावं. दोन पावलांवर गुजराती. सयाजीरावांनी घडवलेलं हे शहर. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याघरचा मुलगा दत्तक जाऊन राजा झाला आणि त्याने इथे शाळा, ग्रंथालयं, कलाभवन उभं केलं. आता गादीवर त्यांचे नातू प्रतापसिंहराव आहेत.

मैदानावर गर्दी आहे, पण शिस्त आहे. दोरीच्या बाहेर बाकं, त्यांच्या मागे उभे लोक, त्यांच्याही मागे सायकली टेकवून सीटवर उभे राहिलेले विद्यार्थी. तुम्हाला बाकावर जागा देतात ते एक पिकल्या मिशांचे कारकून. संस्थानच्या कचेरीत तीस वर्षं काढलेले. हातात पानाचा डबा. ते तुमची चौकशी करतात.

"कुठले आपण?"

"नगर जिल्हा. चौंडीजवळचा."

"मग होळकरांचे!" ते हसतात आणि पानाचा डबा पुढे करतात. "घ्या. आज तुम्हाला लागेल."

होळकर पहिल्या डावात २०२ वर संपलेत. आता बडोद्याचे तिघे बाद झाले आहेत, फळ्यावर ९१ धावा. मैदानाच्या मध्यावर सी. के. नायडू उभे आहेत. नागपूरचे. वय ५१, पण पाठ अशी ताठ की पंचविशीतली पोरं त्यांच्यापुढे वाकलेली वाटावीत. ते हाताच्या दोन बोटांनी क्षेत्ररक्षक सरकवतात आणि तो माणूस धावत जाऊन उभा राहतो. तुमची छाती फुगते. ९१ वर तीन. सामना आपल्या हातात आहे.

आता मैदानात कोण आहेत ते नीट बघा.

एक उजवा. सांगलीचा. मराठी ख्रिस्ती घरातला, शिक्षकाचा मुलगा. (नगरला राहणाऱ्याला यात नवल नाही, अमेरिकन मराठी मिशन आणि रेव्हरंड टिळक यांच्या गावात आपण लहानाचे मोठे झालो.) विजय हजारे याच महिन्याच्या ११ तारखेला बत्तीस वर्षांचे होणार. त्यांची उभं राहण्याची तऱ्हा बघून कोणताही गुरुजी डोक्याला हात लावेल: बॅट दोन पॅडच्या मधोमध धरलेली, दांड्यावर दोन्ही हातांत अंतर. ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटकडे त्यांनी धडे घेतले, तर त्याने गोलंदाजी शिकवली आणि ही उभं राहण्याची तऱ्हा मात्र आहे तशी राहू दिली. शहाणा गुरू. चेंडू सुटतो तेव्हा ती बॅट पॅडमधून निघते आणि बरोबर जिथे असायला हवी तिथे येते. आवाजही मोठा होत नाही. हजारे चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. चौकार गेला तरी तेच, हुकला तरी तेच.

दुसरा डावरा. बुटका, जेमतेम साडेपाच फूट. वय पंचवीस. क्रीजवर येऊन तो आधी टोपी सारखी करतो, मग बॅट दोनदा आपटतो, मग मान वर करून कव्हरमध्ये कोण आहे ते बघतो. तिथली जागा त्याची स्वतःची आहे, क्षेत्ररक्षणाला उभा राहिला की कव्हरमधून चेंडू जाऊ देत नाही अशी त्याची ख्याती. गुल महंमद. लाहोरचा.

"हा पंजाबी पोरगा," कारकूनकाका सांगतात, "महाराजांनी आणला. आता आमचाच आहे. अमीर इलाही पण तिकडचाच. लेगब्रेक टाकतो बघा, पूर्वी मध्यमगती टाकायचा."

त्या काळाचं गणित इथेच समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काही उमगणार नाही. क्रिकेट खेळून पोट भरत नव्हतं. पोट भरायचं तर संस्थानात नोकरी हवी. महाराज खेळाडूला बोलावून घेत, फौजेत किंवा कचेरीत हुद्दा देत, आणि तो त्यांच्या संघातून खेळे. नागपूरचे नायडू असे इंदूरचे झाले. सांगलीचे हजारे आधी महाराष्ट्राकडून, मग मध्य भारताकडून, मग बडोद्याकडून खेळले. पुण्याचे हेमू अधिकारी बडोद्याकडून खेळत. इंदूरला मुश्ताक अली, चंदू सरवटे. संघ बदलणं म्हणजे मालक बदलणं, त्यात कुणाला गद्दारी दिसत नव्हती. लाहोरचा माणूस बडोद्याचा होऊ शकत होता तसाच, जसा सांगलीचा होऊ शकत होता. मार्च १९४७ मध्ये हे अजून खरं आहे. पाच महिने खरं राहणार आहे.

खेळ सुरू होतो. पहिला तास तुम्ही विकेटची वाट बघता. दुसऱ्या तासात विकेटची वाट बघणं सोडून चेंडू बघू लागता. गुल महंमद फिरकीला पुढे सरसावतो. एवढासा माणूस, पण पाऊल चेंडूपर्यंत पोहोचतं, आणि बॅट फिरते ती खांद्यातून. चेंडू कव्हरमधून जातो आणि दोरीबाहेरच्या पोरांच्या पायात घुसतो. तो परत फेकायला पोरांची झुंबड. हजारे त्या टोकाला उभे राहून हे बघतात, एक धाव काढतात, पुन्हा त्याला स्ट्राइक देतात. दोघांत बोलणं फार होत नाही. षटक संपलं की मध्यावर येतात, एक जण हातमोज्याने खेळपट्टीवरचा खडा उचलतो, दुसरा मान हलवतो. भाषा कोणती वापरत असतील, हा प्रश्न तुम्हाला पडतो. एक मराठी, एक पंजाबी. धाव घेताना ऐकू येतं ते "येस", "नो", आणि एकदा हजाऱ्यांच्या तोंडून स्पष्ट "ठैर!"

फळ्यावरचा पोरगा आकडे बदलून दमतो. २००. ३००. नायडू गोलंदाज बदलतात, पुन्हा बदलतात. दिवस मावळतो, दोघे नाबाद. दुसऱ्या दिवशी तुम्ही येता तर दोघे पुन्हा तिथेच. ऊन चढतं. कारकूनकाका छत्री उघडतात आणि अर्धी तुमच्या डोक्यावर धरतात. तुम्ही होळकरांचे आहात हे दोघेही विसरला आहात. गुलचं त्रिशतक होतं तेव्हा तुम्ही उभे राहून टाळ्या वाजवता, आणि तुमच्यासोबत अख्खं बडोदं उभं असतं. मराठी, गुजराती, हिंदू, मुसलमान. अशी गर्दी या देशात त्या आठवड्यात आणखी किती ठिकाणी होती, याचा विचार करायचा नाही म्हटलं तरी मनात येतोच. गुलचं घर ज्या लाहोरात आहे तिथे धूर आहे. रात्री त्याला पत्र आलं असेल का, तार आली असेल का, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजत नाही. तो तिसऱ्या सत्रातही पहिल्या सत्रासारखाच पळतोय.

अखेर जोडी फुटते तेव्हा फळ्यावर ६६८ आहेत. चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा. जवळपास नऊ तास. गुल महंमद ३१९, हजारे २८८. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये जगात आजवर कुठल्याही दोघांनी कुठल्याही गड्यासाठी एवढ्या धावा केलेल्या नाहीत, आणि पुढची ५९ वर्षं करणार नाहीत; २००६ च्या जुलैत कोलंबोला संगकारा आणि जयवर्धने ६२४ करतील तेव्हाच हा आकडा मागे पडेल. त्यांच्या त्या धावाही तिसऱ्या गड्यासाठी. चौथ्या गड्याची जागा पुढेही या दोघांचीच राहते.

बडोदे ७८४. होळकर दुसऱ्या डावात १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी पराभव. कारकूनकाका डबा उघडून शेवटचं पान तुम्हाला देतात आणि म्हणतात, "वाईट वाटून घेऊ नका. असं पुन्हा बघायला मिळत नाही." त्यांना वाटतं ते धावांबद्दल बोलताहेत.

काळात पुढे सरका. नऊ महिने. १९४७ चा डिसेंबर, सिडनी. मधल्या काळात काय झालं ते इथे सांगायला नको. हिंदुस्थानचा, आता भारताचा, संघ ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाशी दुसरी कसोटी खेळतोय. पाऊस. कोल्हापूरचा दत्तू फडकर आज पदार्पण करतोय, वय बावीस. त्याच्याबरोबर आणखी एक जण पदार्पण करतोय, वय एकोणचाळीस. अमीर इलाही. १९३६ साली इंग्लंडचा दौरा केलेला, पण कसोटी कधी वाट्याला न आलेला. त्याचं लाहोर आता दुसऱ्या देशात आहे आणि तो भारताची टोपी घालून उभा आहे. सामना पावसात धुऊन जातो, त्याला बळी मिळत नाही. भारताकडून त्याची ही एकच कसोटी. गुल महंमद याच दौऱ्यावर पाचही कसोट्या खेळतो. लाहोरच्याच फझल महमूदला या दौऱ्यासाठी निवडलं होतं, पण तो आलाच नाही. तो पाकिस्तानचा झाला. तीन लाहोरकर, तीन निर्णय, आणि प्रत्येकाच्या घरी स्वतःचं कारण. बाहेरून बघणाऱ्याने एकाला निष्ठावंत आणि दुसऱ्याला फितूर म्हणणं हा अन्याय आहे. सिडनीच्या पावसात, भिजलेल्या प्रेक्षागृहात बसून इलाहीकडे बघताना हे नीट कळतं.

आता १९५२. पाच वर्षांत नगर बदललंय. १ जून १९४८ ला पहिली एस. टी. नगर-पुणे मार्गावरच धावली, आणि प्रवरेकाठी लोणीला शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना उभा केलाय. तुम्ही एस. टी.ने पुण्याला जाता, पुण्याहून रेल्वेने मुंबईला. नोव्हेंबरचा महिना, ब्रेबॉर्न स्टेडियम. पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात आलाय. दोन्ही देशांमध्ये जायचं यायचं तर पासपोर्ट आणि व्हिसा, ही पद्धतही ऑक्टोबरमध्येच, या दौऱ्याच्या तोंडावरच, लागू झालीय.

पाकिस्तानच्या कर्णधाराला तुम्ही ओळखता, फक्त दुसऱ्या नावाने. १९४६ साली भारताच्या संघातून इंग्लंडला गेलेला अब्दुल हफीज आता अब्दुल हफीज कारदार आहे. त्या १९४६ च्या लॉर्ड्स कसोटीत भारताचा कर्णधार होता इफ्तिखार अली खान पतौडी, ज्याने १९३२ साली सिडनीला इंग्लंडकडून पदार्पणातच शतक केलं होतं. आणि त्याच अकरा जणांत होते हफीज आणि गुल महंमद. एका संघात तिघे असे, जे आयुष्यात दोन देशांसाठी कसोटी खेळले. पतौडींना इंग्लंड ऑक्सफर्डच्या वाटेने मिळालं. बाकीच्या दोघांना दुसरा देश नकाशावरच्या रेघेने मिळाला. यादीत तिघांची नावं एका रांगेत छापतात, म्हणून त्यांची कहाणी एक होत नाही.

गेल्याच महिन्यात दिल्लीला, भारत-पाकिस्तानच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, चित्र आणखी विचित्र होतं. कारदार आणि अमीर इलाही पाकिस्तानकडून, गुल महंमद भारताकडून. बडोद्यात एकाच खोलीत पॅड बांधणारे दोन लाहोरकर समोरासमोर. आणि ब्रेबॉर्नला आज तुम्ही बघताय ते असं: इलाही, वय ४४, रन-अप फार लांबचा नाही, दोन-चार पावलं टाकून मनगट वळवतो. समोर हजारे. या माणसाच्या गोलंदाजीवर सरावात हजारे शेकडो चेंडू खेळलेत. गुगली कुठल्या बोटातून सुटते ते त्यांना झोपेतही दिसतं. हजारे पुढचा पाय टाकून चेंडू दाबतात. तोच चेहरा. इलाही चेंडू उचलतो, परत जातो. दोघांपैकी कुणी काही बोलत नाही, आणि निदान तुमच्या जागेवरून तरी हसतानाही दिसत नाही.

हजारे नाबाद १४६ करतात, भारत दहा गडी राखून जिंकतो. मैदानात फटाके वाजतात. तुम्हालाही आनंद होतोच, का होऊ नये? पण लोक बाहेर पडायला लागतात तेव्हा तुमची नजर पाकिस्तानच्या तंबूकडे जाते. पुढच्या मद्रासच्या कसोटीत हाच चव्वेचाळीस वर्षांचा माणूस शेवटच्या क्रमांकावर येऊन ४७ धावा करेल, झुल्फिकार अहमदबरोबर अखेरच्या गड्यासाठी १०४ जोडेल, आणि मद्रासचे लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतील. त्याची कसोटी कारकीर्द या मालिकेबरोबर संपेल. भारताकडून एक, पाकिस्तानकडून पाच.

गुल महंमद १९५५ मध्ये लाहोरला परत गेला. परत, कारण तो तिथलाच होता. त्याला बघायचं तर आता कराचीला जायला हवं, ऑक्टोबर १९५६. काथ्याच्या मॅटवर सामना आहे, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया पहिल्यांदाच कसोटी खेळताहेत. ऑस्ट्रेलिया ८० वर बाद. पहिल्या पूर्ण दिवसात दोन्ही संघांनी मिळून ९५ धावा केल्या. कसोटीच्या इतिहासात एवढा मंद दिवस दुसरा नाही. फझल महमूद एकटा १३ बळी घेतो. शेवटी पाकिस्तानला ६९ धावा हव्यात, हनीफ लवकर बाद होतो, आणि मैदानात उतरतो तो बुटका डावरा. आता पस्तिशीचा. त्याच्या टोपीवर चांदतारा आहे. तो टोपी सारखी करतो, बॅट दोनदा आपटतो, कव्हरकडे बघतो. तीच सवय. अलीमुद्दीनबरोबर तो नाबाद २७ करून सामना जिंकून देतो. भारताकडून आठ कसोट्या, पाकिस्तानकडून ही एक. यानंतर त्याला पुन्हा घेतलं नाही.

मला इथे एक गोष्ट सलते. हजारे बडोद्यातच राहिले, तिथेच २००४ साली गेले, त्यांच्या नावाने देशभर एकदिवसीय स्पर्धा भरते, आणि ते योग्यच आहे. गुल महंमद १९९२ मध्ये लाहोरात वारला. आपल्याकडे ५७७ चा उल्लेख आला की वाक्यात हजारे ठळक असतात आणि दुसरं नाव सोबतीला येतं. जास्त धावा त्या दुसऱ्या नावाच्या आहेत. आणि सीमेपलीकडच्या पुस्तकांत त्याचं माप त्या एका कसोटीवरून काढतात. बडोद्याच्या भर उन्हात नऊ तास खेळलेला माणूस दोन देशांच्या मधल्या फटीत पडला. भागीदारी ही एकट्याची असूच शकत नाही. ती अर्धी करून सांगता येत नाही.

आता शेवटची उडी, मोठी. २०२४ चा जून. तुमचा जिल्हा आता अहिल्यानगर व्हायच्या वाटेवर आहे. राज्य मंत्रिमंडळाने मार्चमध्ये ठराव केलाय. क्रिकेटमध्ये जिल्ह्याचं नाव आधीच मोठं झालंय: श्रीरामपूरचा झहीर खान, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. तुम्ही मात्र आहात टेक्सासात, डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीत. तारीख ६ जून. अमेरिका आणि पाकिस्तान यांची टी-ट्वेंटी विश्वचषकातली लढत बरोबरीत सुटली आहे, दोघांचे १५९. सुपर ओव्हर. अमेरिकेने १८ केल्यात, आणि चेंडू एका डावऱ्या मध्यमगती गोलंदाजाच्या हातात आहे. सौरभ नेत्रावळकर. मुंबईचा, मालाडचा. २०१० साली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून न्यूझीलंडला विश्वचषक खेळला. मुंबईकडून एकच रणजी सामना मिळाला. पुढे जागा मिळेना, तेव्हा २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यायला गेला आणि ओरॅकलमध्ये इंजिनियर झाला. किट घरीच ठेवून गेला होता, असं त्यानेच सांगितलंय. अशी वाट धरणारा तो पहिला मराठी पोरगा नव्हे. त्याच्याआधी नाशिकचा सुशील नाडकर्णी महाराष्ट्राकडून रणजी खेळून अमेरिकेचा कर्णधार झाला होता.

तुमच्या शेजारी पुणेरी मराठी बोलणारं कुटुंब बसलंय. आईच्या डब्यात चिवडा, मुलाच्या गालावर अमेरिकेचा झेंडा रंगवलेला. नेत्रावळकर धावत येतो. चेंडू संथ, ऑफस्टंपच्या बाहेर. एक बळी, १३ धावा. संपलं. पाकिस्तान हरलं. "आपला सौरभ!" आई ओरडते, आणि पोरगा ओरडतो, "यू. एस. ए.!" दोघेही एकाच माणसासाठी.

सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्याच गोलंदाजासमोर भारत आहे. पहिल्याच षटकात, स्वतःच्या पहिल्याच चेंडूवर, विराट कोहली यष्टीमागे झेल देऊन परततो. नंतर रोहित शर्मा, ३ धावांवर. मैदान निळ्या सदऱ्यांनी भरलंय आणि क्षणभर त्या निळ्या गर्दीला कळत नाही की काय करावं. मग टाळ्या वाजतात. थोड्या, पण वाजतात. सूर्यकुमार यादव, मुंबईच्या मैदानांवर नेत्रावळकरबरोबर वाढलेला, नाबाद ५० करून भारताला जिंकवतो. सामना संपल्यावर दोघे गळ्यात हात टाकून बोलत उभे राहतात.

आजच्या नियमांत देश बदलायचा तर जन्म, नागरिकत्व किंवा तीन वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो; कागद तपासले जातात, तारखा मोजल्या जातात. तरीही नेत्रावळकरची वाट सोपी होती असं मी म्हणेन, कष्ट कमी होते म्हणून नव्हे. ती त्याने स्वतः धरली. त्याचं मालाडचं घर जागेवर आहे, तिकीट काढलं की जाता येतं, आणि ज्या देशाविरुद्ध तो खेळला त्या देशाच्या कर्णधाराशी तो मराठीत बोलू शकतो. स्पर्धेच्या काळातही तो सामने आटोपून हॉटेलात लॅपटॉप उघडत होता, कंपनीचं काम करत होता. पगार ओरॅकलचा, क्रिकेट अमेरिकेचं, बोली मालाडची, आणि त्यावरून त्याला कुणी जाब विचारला नाही. बडोद्याच्या महाराजांच्या नोकरीत असताना लाहोरच्या गुल महंमदलाही कुणी विचारला नव्हता. त्या मार्चनंतर पाच महिन्यांनी ते बदललं. त्याने बॅट धरायची पद्धत तीच ठेवली, कव्हरमध्ये तसाच धावला, आणि दोन देशांनी मिळून त्याला नऊ कसोट्या दिल्या.